कापडाचे चार इंच

गेल्या गणपतीत घरी गेलो होतो, तेव्हा मोठ्या कौतुकाने आईला आमचं ॲप दाखवलं. आपली मापं भरली की पडद्यावर आपल्यासारखी एक आकृती उभी राहते आणि निवडलेला कुर्ता तिच्या अंगावर चढतो. कपडा कुठे सैल पडेल, कुठे ताणला जाईल, हे पैसे भरण्याआधी दिसावं, एवढाच त्याचा हेतू. त्यातला आकृती तयार करणारा भाग मी आणि आणखी दोघांनी लिहिला आहे. आईने छाती, कंबर, सीट, उंची असे आकडे एका दमात सांगितले. आकृती उभी राहिली. आईने फोन हातभर लांब धरून पाहिला आणि म्हणाली, "कंबर अडतीस सांगितली ना रे मी? ही चौतिसाची आहे."

"अगं, स्क्रीनवर तसं वाटतं."

"मला वाटत नाही, दिसतं," असं म्हणून तिने फोन परत दिला आणि मोदकांच्या उकडीकडे वळली.

आई इचलकरंजीत तीस वर्षं शिवणकाम करते आहे. बाई दारातून आत येत असतानाच तिचं माप आईच्या डोळ्यांत उतरलेलं असतं. टेप नंतर लावते ती खात्रीपुरती. त्यामुळे रात्री सगळे झोपल्यावर मी लॅपटॉप उघडला. शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. एकच ओळ होती. छातीच्या मापाच्या एका ठरावीक प्रमाणापेक्षा कंबर मोठी असेल, तर ती त्या प्रमाणापर्यंत खाली आणायची. वापरणाऱ्याला काही सांगायचं नाही. वर शेरा: 'तात्पुरतं. कापड आत घुसतंय.' लिहिणाऱ्याचं नाव माझं, तारीख चौदा महिन्यांपूर्वीची.

मग सगळं आठवलं. पडद्यावरचं कापड म्हणजे हजारो बारीक त्रिकोणांची जाळी असते, शरीरही तशीच जाळी. कापड शरीराच्या आत शिरलं नाही ना, हे प्रोग्रॅम क्षणाक्षणाला तपासत असतो. पोट आणि कंबर भरलेली असली की कुर्त्याच्या घड्या दंड आणि पोट यांच्यामध्ये दाबल्या जायच्या, हिशेब कोलमडायचा, आणि कापड थरथरायला लागायचं किंवा सरळ पोटातून आरपार जायचं. सेल दोन आठवड्यांवर होता. कापडाचं गणित सुधारायला दोन महिने लागले असते. कंबर कमी करायला एक ओळ पुरली. कपडा नीट दिसावा म्हणून मी माणसाची कंबर बारीक केली होती.

हे वाक्य मनात आलं आणि मला एकदम ताईची बाहुली आठवली.

मामाने मुंबईहून आणलेली ती बार्बी होती. साडी नेसलेली. चेहरा मात्र साडीशी काही घेणंदेणं नसलेला, नाक इवलंसं, त्वचा आमच्या गल्लीत कुणाचीच नव्हती अशी. साडीच्या निऱ्या शिवूनच टाकलेल्या होत्या आणि मागे टिचबटण होतं, ते ताईने आठवड्याभरात तोडलं. मग तिला बाहुलीसाठी परकर-पोलकं हवं झालं. आईने पॉपलिनचा एक तुकडा घेतला, चुण्या घातल्या, पट्टा लावला, आणि बाहुलीच्या कमरेभोवती टोपलं बांधल्यासारखं काहीतरी तयार झालं. तिने ते उसवलं. मलमलीवर करून पाहिलं. तरी फुगलंच. "सुई बारीक मिळते, दोरा बारीक मिळतो, पण कापड कुठून बारीक आणू?" ती स्वतःशीच बोलत होती. शेवटी तिने पट्ट्याची घडीच काढून टाकली, काठ तसाच कापला आणि आत माया ठेवली नाही. शिवताना शिलाईच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. पुढेमागे अंग वाढलं तर उसवून सैल करता येतं. बाहुलीचं अंग वाढायचं नव्हतं. परकर बसला तेव्हा आई दोरा दाताने तोडत म्हणाली, "हिला काय, पोतं नेसवलं तरी शोभेल."

मी चार वर्षांचा असेन, ताई नऊ. मला ही सगळी आठवण खरी आहे की ताईकडून ऐकून तयार झाली आहे, सांगता येत नाही. पण कापडाबद्दलचं आईचं ते वाक्य माझ्या डोक्यात पक्कं आहे. बार्बी बनवणाऱ्या मॅटेल कंपनीच्या बाजूने इतकी वर्षं हेच वाक्य सांगितलं गेलं आहे, हे मला गणपतीनंतर वाचायला लागल्यावर कळलं.

बार्बी पहिल्यांदा लोकांसमोर आली ती ९ मार्च १९५९ रोजी, न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रेत. उंची साडेअकरा इंच, किंमत तीन डॉलर, अंगात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पोहण्याचा पोशाख. मॅटेलच्या रूथ हँडलर यांची ती कल्पना. तिची कंबर एवढी बारीक का, या प्रश्नाला जी उत्तरं मिळत आली, त्यातलं एक होतं कापड. बाहुली माणसाच्या एक षष्ठांश, पण तिच्या अंगावरचं कापड, शिलाई, दोरा मात्र माणसांच्याच जगातला. कमरेवर पट्टा, चुण्या, दुमडलेले काठ असे थर साचतात, म्हणून आतली कंबर आधीच कमी करून ठेवावी लागते. म्हणजे कपडे घातल्यावर ती बरोबर दिसते. २०१४ मध्ये बार्बीच्या डिझाइन विभागाच्या प्रमुख किम कल्मोन यांनी एका मुलाखतीत सांगितलं, की बार्बीचं शरीर वास्तव दिसण्यासाठी बनवलेलंच नव्हतं, मुलींना तिचे कपडे सहज घालता-काढता यावेत म्हणून ते तसं आहे.

हे उत्तर वाचून मला बरं वाटलं, हे कबूल करतो. माझ्याच शेऱ्याचं ते सुबक रूप होतं. कुणी दुष्ट नव्हतं, कापड आडवं आलं होतं.

पण हिशेब करून बघायची सवय आहे. पॉपलिनसारखं कापड साधारण पाव मिलिमीटर जाड धरू. चुण्या, पट्टा, दुमड मिळून कमरेवर दहा थर आले असं सढळपणे मानू. म्हणजे अडीच मिलिमीटर. त्रिज्या एवढ्याने वाढली की घेर सुमारे सोळा मिलिमीटरने वाढतो. बाहुलीचे सोळा मिलिमीटर म्हणजे माणसाच्या मापात त्याच्या सहापट, पावणेचार इंच. (माणसाच्या कपड्यालाही जाडी असतेच, पण तिथे ती अर्ध्या-पाऊण इंचात आटोपते.) म्हणजे आईचं म्हणणं खरं आहे, कापड खरंच आडवं येतं. सगळी सूट देऊन चार इंच कापडाच्या नावावर लिहू. आता बार्बीची कंबर माणसाच्या मापात साधारण १८ इंच भरते असा हिशेब नेहमी दिला जातो. त्यात चार मिळवले तर बावीस. बावीस इंच कमरेचा परकर आई शाळेतल्या मुलींसाठी शिवते.

चार इंच कापडाचे. उरलेले कुणाचे? आणि पावलांचं काय? पहिल्या बार्बीची पावलं कायम टाचा उचललेली, उंच टाचेच्या बुटांसाठी. ती स्वतःच्या पायांवर उभीच राहू शकत नव्हती. तळव्यांना भोकं होती आणि ती स्टँडच्या दोन खिळ्यांवर बसवायची. यात कापडाचा काहीच दोष नाही.

उरलेल्या इंचांचा माग जर्मनीत लागतो. 'बिल्ड' या वर्तमानपत्रात १९५२ पासून लिली नावाच्या तरुणीचं व्यंगचित्र येत असे. श्रीमंत पुरुषांना गुंडाळणारी, हजरजबाबी लिली. १९५५ मध्ये तिची बाहुली निघाली आणि ती मुख्यतः मोठ्या माणसांच्या थट्टामस्करीची वस्तू म्हणून विकली जायची. रूथ हँडलर यांनी १९५६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ती दुकानात पाहिली आणि घेऊन आल्या. बार्बीचा आकार बहुतांशी तिथून आला. म्हणजे कंबर आधी ठरली होती. कापडाचं कारण नंतर तिला येऊन चिकटलं. ते कारण खोटं नाही. पण ते जेवढं ओझं उचलू शकतं, त्यापेक्षा जास्त ओझं त्याच्यावर टाकलं गेलं आहे.

माझ्या ओळीचंही तसंच नव्हतं का? कापड थरथरत होतं हे खरं. पण कंबर अडतीसची चौतीस करताना मी क्षणभरही थबकलो नाही, यामागे कापड नव्हतं. समजा उलटं असतं आणि बारीक कमरेवर कापड थरथरलं असतं, म्हणून मी सगळ्यांच्या कमरा चार इंचांनी वाढवल्या असत्या, तर ते पहिल्याच चाचणीत कुणीतरी हाणून पाडलं असतं. मीच पाडलं असतं. चूक कुठल्या दिशेने झाली की ती चूक वाटत नाही, हे माझ्या आधीच कुणीतरी ठरवून ठेवलं होतं. माझ्या डोक्यातही एक लिली होती.

यावर एक साधा आक्षेप आहे आणि तो मला बरेच दिवस पटत होता. खेळणंच ते. टेडी बेअरसारखं अस्वल जगात नाही. आपल्याकडच्या ठकीला कंबर होती कुठे? लाकडाचा ओंडका, वर डोकं, रंगवलेले डोळे. चिंध्यांच्या बाहुलीला तर हातपायही अंदाजानेच असायचे. या बाहुल्यांशी पिढ्यान्‌पिढ्या मुली खेळल्या आणि कुणी ओंडक्यासारखं व्हायचा ध्यास घेतला नाही. मग बार्बीलाच वास्तवाची सक्ती कशाला?

याचं उत्तर मला फॅशनच्या बाहुल्यांच्या जुन्या इतिहासात सापडलं, किंवा सापडल्यासारखं वाटलं. छापील चित्रं सर्रास मिळू लागण्यापूर्वी कपड्यांची नवी तऱ्हा एका दरबारातून दुसऱ्या दरबारात जायची ती बाहुल्यांवरून. १३९६ सालच्या फ्रेंच दरबारी हिशेबात इंग्लंडच्या राणीला पाठवलेल्या बाहुल्यांच्या कपड्यांचा खर्च नोंदलेला आहे. १६००च्या सुमारास फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याने आपल्या वाग्दत्त वधूला, मारी द मेदिचीला, फ्रेंच फॅशन कळावी म्हणून बाहुल्या पाठवल्या. पुढे त्यांना पँडोरा हे नाव पडलं. दरबारी पोशाखासाठी मोठी, घरगुतीसाठी छोटी. अठराव्या शतकात मारी आंत्वानेतची शिंपीण रोझ बेर्तँ अशा बाहुल्या सजवून परदेशी पाठवत असे. आमच्या धंद्याच्या भाषेत, बाहुली म्हणजे फाइल होती. ती उघडायची, आपल्या शिंप्याला दाखवायची, त्याने त्यातून नमुना उतरवून घ्यायचा आणि राणीच्या अंगाच्या मापाने शिवायचा. बाहुलीचं अंग कुणी मोजत नव्हतं. ते खुंटीसारखं होतं.

याचा सगळ्यात सुंदर पुरावा मात्र खूप अलीकडचा आहे. १९४५ चा मार्च महिना. पॅरिस मुक्त होऊन सात-आठ महिने झालेले, युद्ध संपलेलं नाही, कापडाची टंचाई, आणि पॅरिसच्या फॅशनगृहांना जगाला सांगायचं आहे की आम्ही अजून आहोत. पूर्ण आकाराचे पोशाख करण्याइतकं कापड नाही. म्हणून त्यांनी २७ इंची बाहुल्या केल्या, माणसाच्या साधारण एक तृतीयांश, आणि लूव्रच्या इमारतीत 'तेआत्र द ला मोद' नावाचं प्रदर्शन भरवलं. बालांसियागा होता, निना रिची होती. एलियान बोनाबेल या तरुण चित्रकर्तीने बाहुलीची आकृती आखली. एक लाखाच्या आसपास लोक बघायला आले आणि तो पैसा युद्धग्रस्तांसाठी गेला. या बाहुल्या आज अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या मेरीहिल संग्रहालयात आहेत. मी त्यांचे फोटो तासभर पाहत बसलो होतो. इवलाली बटणं, अस्तर, हातमोजे, खऱ्या शिंपिणींनी खऱ्यासारखं केलेलं सगळं. आणि बाहीच्या टोकाशी, घोट्याशी, जिथे अंग उघडं पडतं, तिथे नुसती तार. वळवलेली, मोकळी, आरपार दिसणारी तार. चेहरा प्लास्टरचा आहे, बाकी शरीर हवेत काढलेल्या रेघेसारखं. कपडा खरा आहे आणि शरीर नाही, हे बघणाऱ्याला लपवलेलंच नाही.

मधल्या काळात, एकोणिसाव्या शतकात, पॅरिसमध्येच श्रीमंत घरच्या मुलींसाठी चिनी मातीच्या डोक्याच्या, चामड्याच्या अंगाच्या, कमरेत आवळलेल्या तरुणींच्या बाहुल्या निघाल्या होत्या, सोबत पेटीभर कपडे. त्यामुळे बाईच्या आकाराची बाहुली मुलीच्या हाती पहिल्यांदा मॅटेलने दिली, हे खरं नाही. बार्बीने केलं ते असं, की तिने दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या आणि त्या लाखोंच्या संख्येने, तीन डॉलरमध्ये, घराघरांत पोचवल्या. तिचे पहिले कपडे शार्लट जॉन्सन यांनी जपानमध्ये राहून करवून घेतले होते. त्यांना अस्तर होतं, चालणारी चेन होती, काज होती, बटणं होती. शिवणाऱ्याच्या नजरेने पाहिलं तर ते कपडे निर्दोष आहेत. माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. इतका खरा कपडा ज्या अंगावर बसतो, ते अंगही खरंच असणार, असं डोळा मानून चालतो. कपड्याने कमावलेला विश्वास अंगाच्या खात्यावर जमा होतो. ठकीच्या बाबतीत हे घडत नाही, कारण ठकीचं काहीच अचूक नसतं. पँडोराच्या बाबतीत घडलं नाही, कारण तिला बघणाऱ्यांना ती कशासाठी आहे ते माहीत होतं. बार्बी सहा वर्षांच्या मुलीच्या हातात होती.

आमच्या ॲपमध्ये कुर्त्याची घडी हुबेहूब पडते. सुती वेगळी, रेयॉनची वेगळी. त्याचा आम्हाला अभिमान आहे. ती घडी इतकी खरी दिसते म्हणूनच त्याखालची कंबर कुणी तपासत नाही. चौदा महिन्यांत एकाही ग्राहकाने तक्रार केली नव्हती. मी याला आधी यश समजत होतो.

बाहुलीने मुलींवर खरंच काही परिणाम होतो का, याबद्दल घरात बसून मतं मांडण्यापेक्षा मोजलेलं पाहावं. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हिशेब मांडला, की बार्बीसारखी शरीरयष्टी एखाद्या स्त्रीची असण्याची शक्यता एक लाखात एकापेक्षाही कमी आहे. तिच्या मित्राची, केनची, पन्नासात एक. (पुरुषांना बरीच सवलत मिळालेली दिसते.) २००६ मध्ये इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या हेल्गा डिटमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच ते आठ वर्षांच्या १६२ मुलींना चित्रं दाखवली, काहींना बार्बीची, काहींना भरलेल्या अंगाच्या बाहुलीची, काहींना बाहुलीच नसलेली. बार्बी पाहिलेल्या लहान मुली स्वतःच्या शरीराबद्दल जास्त नाखूश होत्या. गटातल्या सगळ्यात मोठ्या मुलींमध्ये हा परिणाम दिसला नाही. हे शेवटचं वाक्य बरेच जण गाळतात, पण ते महत्त्वाचं आहे. परिणाम आहे, आणि तो सरसकट नाही.

त्याआधीही, १९४०च्या दशकात, केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने अमेरिकेत लहान मुलांसमोर रंग सोडून बाकी सगळं सारखं असलेल्या बाहुल्या ठेवल्या आणि विचारलं, यातली चांगली कोणती, वाईट कोणती. बहुसंख्य कृष्णवर्णीय मुलांनी गोरी बाहुली निवडली. या प्रयोगाचा आधार पुढे १९५४च्या शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या खटल्यात घेतला गेला. त्या बाहुल्यांच्या अंगात लंगोटाखेरीज काही नव्हतं, पण त्या मुलांना उत्तर द्यायला तेवढं पुरलं. ते उत्तर त्यांना बाहुलीने शिकवलेलं नव्हतं. बाहुली फक्त विचारत होती.

मग जबाबदारी कुणाची? मॅटेलमध्ये जॅक रायन नावाचा एक इंजिनिअर होता, आधी क्षेपणास्त्रांच्या कामावर असलेला. बार्बीच्या घडणीत त्याचा हात होता. मी त्याच्या जागी स्वतःला बसवून पाहतो. हाताशी एक तयार नमुना आहे, कापडाची अडचण खरी आहे, जत्रेची तारीख जवळ आली आहे. त्या दिवशी त्याने काय करायला हवं होतं? त्या दिवसाबद्दल मी त्याला फार बोल लावणार नाही. माझा स्वतःचा दिवस आठवतो म्हणून असेल. पण त्या दिवसाचं कारण किती दिवस चालतं? मला वाटतं, कारणालाही मुदत असते. आपण केलेल्या मापाचा कुणावर काय परिणाम होतो ते माहीत नव्हतं, तोवर 'कापड आडवं आलं' हे उत्तर आहे. ते माहीत झाल्यानंतरही माप तेच ठेवलं, तर आपण ते दुसऱ्यांदा निवडलं. त्या दुसऱ्या निवडीत कापड नसतं. कापडाचं नाव असतं.

१९९७ मध्ये मॅटेलने बार्बीची कंबर थोडी रुंद करायचं ठरवलं. कापड तेच होतं, दोरा तोच होता, तरी जमलं. कल्मोन यांनी ती मुलाखत दिली त्यानंतर दोनच वर्षांनी, जानेवारी २०१६ मध्ये, उंच, ठेंगणी आणि भरलेल्या अंगाची अशा तीन नव्या बार्बी आल्या. १९५९ पासून मोजली तर ५७ वर्षं. अडचण कोणती होती हेही तेव्हा स्पष्ट झालं: एकीचे कपडे दुसरीला बसत नाहीत, म्हणजे मापं वाढली, शिवणं वाढलं, खर्च वाढला. हे मला पटण्यासारखं वाटतं. महाग आहे, असं म्हणणं प्रामाणिक आहे. अशक्य आहे, असं म्हणणं वेगळं. त्या नव्या बाहुल्यांची चाचणी घेताना सात वर्षांची एक मुलगी भरलेल्या अंगाच्या बार्बीबद्दल बोलताना 'फॅट' हा शब्द न उच्चारता त्याची अक्षरं एकेक करून सांगत होती, बाहुलीला वाईट वाटू नये म्हणून. 'टाइम' साप्ताहिकाने ते छापलं होतं. माप बदलल्याने शब्द लगेच बदलत नाही. मुलीला तो शब्द वाईट आहे हेही माहीत होतं आणि तो कुणाला लागू होतो हेही.

ऑफिसात मी ती ओळ दाखवली. कुणी रागावलं नाही. दुरुस्तीला सहा आठवडे लागतील, तोवर काय, असा प्रश्न आला. मी म्हणालो, तोवर ओळ काढून टाकू. मग कापड थरथरेल. थरथरू दे. यावर एकाने विचारलं, बिघडलेला कुर्ता बघून ग्राहक कुर्ता घेणार नाही. खोटी कंबर बघून निदान घेतो तरी, त्याचं नुकसान काय? घरी आलेला कुर्ता बसला नाही तर परत पाठवता येतो. यात तथ्य आहे आणि माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हणालो, की कुर्ता बसला नाही तर बाई ॲपला दोष देणार नाही. ॲपमध्ये तर बसला होता.

त्याच आठवड्यात ताईला फोन केला. मला वाटलं, मी हे सगळं सांगितलं की ती बाहुलीबद्दल दोन कडू शब्द बोलेल. ती हसली. "अरे, मी तिचे केस कापले होते, पेनाने मिशा काढल्या होत्या. तिच्यासारखं कुणाला व्हायचं होतं? ती उभी सुद्धा राहायची नाही, भिंतीला टेकवून ठेवायला लागायची."

मग जरा थांबून म्हणाली, "आई काय म्हणाली होती ते आठवतं तुला? हिला पोतं नेसवलं तरी शोभेल."

"हो."

"मी तेव्हा तिथेच बसले होते. त्याच दिवशी सकाळी माझा युनिफॉर्म कमरेत उसवून सैल केला होता तिने. सगळी माया संपली म्हणाली होती."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, की आईला तसं म्हणायचं नव्हतं, तिला फक्त कपडा बसण्याबद्दल बोलायचं होतं, पट्टा कुठे फुगत नव्हता म्हणून.

"मला माहीत आहे रे," ताई म्हणाली. "तेव्हाही माहीत होतं."

आईला मी हे सांगितलेलं नाही. ती त्या वाक्यात निर्दोष होती यात मला शंका नाही, आणि ते वाक्य ताईच्या मनात वीसहून जास्त वर्षं राहिलं यातही नाही. आता सांगितलं तर ताईचा सल माझ्या हिशेबाच्या सोयीसाठी आईच्या हातात ठेवल्यासारखं होईल. न सांगणं बरोबर आहे की ही माझी आणखी एक तात्पुरती ओळ आहे, ते अजून ठरवू शकलेलो नाही.

दिवाळीत पुन्हा घरी गेलो तेव्हा ती ओळ काढलेली होती, पण कापडाचं काम अर्धवटच होतं. आईने तेच आकडे पुन्हा सांगितले. कंबर अडतीसचीच आली. कुर्ता दंडाखाली थरथरत होता, एक घडी आत-बाहेर करत होती. मी ओशाळून सांगायला लागलो, की हे आमचं गणित अजून चुकतंय, पुढच्या महिन्यात ठीक होईल. आईने फोन हातभर लांब धरला, मान तिरकी करून पाहिलं.

"काखेत दाटतंय," ती म्हणाली. "तिथे अर्धा इंच माया सोडायला सांग त्यांना."